वाकळीचा भाव किती लावावा? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, लातूरला पुढच्या महिन्यात कलामहोत्सव हाय, तिथं माय आन मावशीच्या हातच्या वाकळी विकायला स्टॉल घेतलाय. जुन्या सुती लुगड्यांचे ४-५ थर, कडंपासून धावदोरा घालत घालत मधी यायचं, एका वाकळीला दोघींचे १५ दिवस जातात (डोळे जातात ते वेगळंच). मागं एक बाई म्हणल्या मशीनची रजई ८०० ला मिळते, मायनं लगेच तेवढ्यालाच देऊन टाकली! आता मजुरी धरून भाव कसा काढावा, कुणी असा स्टॉल लावला असंल तर सांगा ना. आन एका वाकळीच्या लाल काठाचा रंग सुटायलाय, शिवून झाल्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलं तर थांबंल का?