सांडपाण्यातून फुकट हायड्रोजन? आधी विजेचं बोला

ऋणाग्र: सांडपाण्यात दोन इलेक्ट्रोड बुडवले की फुकट इंधन, असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं आणि त्याला वाहवाही मिळाली. राहवलं नाही म्हणून लिहितोय. 1 किलो हायड्रोजनला पाणी लागतं 9 लिटर, वीज 50 युनिटच्या पुढे. जाळून हाती येतात 33. समुद्राचं 1000 लिटर पाणी गोडं करायलाही 3-4 युनिट पुरतात. खर्च विजेचा आहे हो, पाण्याचा नाही! वर घाण पाणी थेट सेलमध्ये, म्हणजे विजेने पाणी फोडायच्या टाकीत, घातलंत तर त्यातल्या मिठाच्या क्लोराइडचा क्लोरीन होतो आणि ऋण इलेक्ट्रोडवर (कॅथोडवर) कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर चढतो.

जिवाणूप्रेमी: अर्धाच हिशेब मांडलात. मायक्रोबियल सेलमध्ये जिवाणूच घाण खाऊन इलेक्ट्रॉन देतात. पाणी फोडायला किमान 1.23 व्होल्ट, इथे अ‍ॅसिटेटवर (व्हिनेगरमधल्या आम्लाचं लवण, जिवाणूंचं खाद्य) कागदोपत्री 0.14. प्रत्यक्षात जास्त लागतो, तरी 1.23 च्या खालीच भागतं. अमेरिकेतल्या पेन स्टेट आणि नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी हे 2005 मध्येच दाखवलंय.

ऋणाग्र: चालवलाय मी तो सेल. सुरुवातीला हायड्रोजन, मग नळीतून मिथेनच यायला लागला. मिथेनोजेन, म्हणजे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव, सगळा हायड्रोजन गिळतात.

जिवाणूप्रेमी: तुमचा एक सेल बिघडला म्हणून अख्खं शास्त्र मोडीत काढणार?

रात्रपाळी: भांडा खुशाल, पण 1 किलो हायड्रोजनमागे 8 किलो ऑक्सिजन निघतो त्याचं काय? एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांटवर, काम केलंय मी. निम्मी वीज टाकीतल्या जिवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअरच खातात. तळाचे हवा सोडणारे डिफ्युझर तुंबले की एका कोपऱ्यात मोठाले बुडबुडे, बाकी टाकी निपचित, आणि वासाने उभं राहवत नाही. तिथे हा ऑक्सिजन सोन्यासारखा आहे.

ऋणाग्र: ब्लोअरची हवा गाळही तरंगता ठेवते. ती बंद केलीत तर गाळ तळाला बसेल.

रात्रपाळी: मग मिक्सर लावा! शुद्ध ऑक्सिजनवरचे प्लांट कित्येक वर्षं असेच चालतात. टाकीजवळ कधी उभे राहिलात का?

जिवाणूप्रेमी: आणि सौर वीज असेल तर रात्री ऑक्सिजन कुठून आणणार? सांडपाणी काय सूर्य बघून येतं?

रात्रपाळी: साठवायचा. नाहीतर रात्री ब्लोअर आहेतच. दिवसाची वीज वाचली तरी कमी आहे का?

ऋणाग्र: बरं, ऑक्सिजनचं मान्य. इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) प्लांटशेजारी बसवा, प्रक्रिया केलेलं पाणी आरओतून काढून त्याला द्या. पण कालच्या पोस्टमध्ये यातलं अवाक्षर नव्हतं. आणि जिवाणूप्रेमी, व्होल्ट कमी हे खरं, पण तुमचा सेल इलेक्ट्रोडच्या चौरस मीटरला जेमतेम काही अँपिअर देतो, अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर हजारोंनी. तेवढ्या हायड्रोजनसाठी इलेक्ट्रोड किती पसरावे लागतील, ते लिहा आधी.