मदत हवी आहे: अपंगांच्या पार्किंगमध्ये बिनपरमिटच्या गाड्या, बोलायचं कसं आणि कुणाशी?

चक्रधर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी व्हीलचेअर वापरतो. मणक्याला मार बसला त्याला नऊ वर्षं झाली, कमरेखाली काही हलत नाही पण हात ठणठणीत आहेत, आणि गाडी माझी मीच चालवतो, हँड कंट्रोल बसवलेली, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच दांड्यावर. परमिट आहे, पार्क केली की आरशाला लटकवतो. (दिव्यांग म्हणा, अपंग म्हणा, मला कशाचंच वाईट वाटत नाही, जागा तेवढी सोडा.)

तर लोकांना वाटतं की आमची जागा दाराजवळ असते म्हणून आम्हाला हवी असते. खरं सांगतो, मला अंतराचं काही नाही, सपाट रस्ता असेल तर मी तुमच्यापेक्षा लवकर पोचेन. मला लागते रुंदी. गाडीतून उतरायचं म्हणजे दार पूर्ण, अगदी कड्डकन अडेपर्यंत उघडायचं, मग खुर्चीचा सांगाडा अंगावरून ओढून बाहेर काढायचा, मग चाकं, ती बटण दाबून बसतात, मग कुशन, मग ब्रेक लावून सीटवरून खुर्चीवर सरकायचं. या सगळ्याला दाराशेजारी खुर्ची उभी राहील एवढी जागा लागते, आणि ती म्हणजे ते तिरके पट्टे मारलेले असतात ना, तीच. ती उरलीसुरली जागा नाहीये!! बऱ्याच ठिकाणी दोन गाड्यांच्या मध्ये मिळून एकच पट्टा असतो, त्यामुळे तो माझ्या दाराच्या बाजूला यावा म्हणून मी कधी नाक पुढे करून लावतो कधी रिव्हर्स घेतो.

आता झालं काय ते सांगतो. मागच्या मंगळवारी फिजिओ आटपून बाहेर आलो तर माझ्या दाराला लागून पट्ट्यांवर एक बाईक. गाडी दिसतेय, किल्ली हातात आहे, आत जाता येत नाही. सोबत कुणी असलं तर गाडी बाहेर काढून देतं, पण मी एकटा होतो, आणि अनोळखी माणसाला हँड कंट्रोलची गाडी काढायला देणं म्हणजे आणखी एक प्रकरण. गार्डला सांगितलं, तो म्हणाला येईल हो मालक. पन्नास मिनिटं थांबलो. ज्यांना मणक्याची दुखापत माहितीये त्यांना कळेल की आमच्या लघवीच्या वेळा घड्याळावर चालतात, पन्नास मिनिटं म्हणजे नुसती चिडचिड नसते. शेवटी बाईकवाला आला, पोरगेलासाच होता, आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, मी तुमच्या जागेत नाही लावली, बाजूच्या मोकळ्या जागेत लावली." आता याच्यावर काय ओरडणार.

बाकीचे नमुने नेहमीचेच. हॅझार्ड लाइट लावून ठेवणारे (तो दिवा लावला की सगळे गुन्हे माफ असतात बहुतेक), इंजिन चालू ठेवून आत बसलेले आणि "कुणी आलं की काढतो ना" म्हणणारे, आजोबांचं कार्ड लावून येणारे आणि आजोबा घरी. पण मी मागाहून आलो तर थांबून, खाली उतरून, काढा म्हणायचं कसं? उतरायलाच तर जागा हवीये. मी हॉर्न वाजवतो आणि लोक मलाच हात करतात की पुढे जा.

आणि आता जे खुपतंय ते. दोन महिन्यांपूर्वी एका बाईंना मी बोललो. चांगल्या चालत आल्या, गाडीवर कार्ड दिसलं नाही, मी म्हटलं तुमचे पाय तर छान चालतात की. त्यांनी काही न बोलता दार उघडलं, खाली पडलेलं कार्ड उचलून मला दाखवलं आणि सीटवर बसून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. काय आजार होता विचारायचं धाडस झालं नाही. सॉरी म्हटलं, पण ते पुरत नाही हे मलाही कळतं.

म्हणून विचारतोय. बोलायचं कसं, म्हणजे खऱ्या माणसाला लागणार नाही आणि खोट्याला कळेल? तक्रार करायची तर गार्ड, जागेचा मालक, पोलीस, यातलं आधी कोण? आणि त्या पट्ट्यांवर गाडी लागूच नये यासाठी काही करता येतं का? देश मुद्दाम लिहीत नाही, इथे सगळीकडचे लोक आहेत, जिथे जे चालतं ते सांगा.

रानपाखरू

बाप रे. पट्ट्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, मला वाटायचं वळवायला ठेवलेली जागा असेल. मी गाडी नाही लावली कधी पण ट्रॉली सोडून आलेय तिथे, आज कबूल करते.

फोटो काढून ठेवत जा दादा. नंबर प्लेट, निळा बोर्ड आणि पट्टे तिन्ही एका फोटोत यायला हवेत, नाहीतर कुठली गाडी आणि कुठली जागा यावरच वाद होतो. आणि काचेचा पण एक, कार्ड नाहीये हे दिसायला. पण तो फोटो सोशल मीडियावर टाकू नका, तक्रारीसोबतच द्या. तुम्हीच वर लिहिलंय ना, कार्ड खाली पडलेलं असू शकतं.

भोचक

रागावू नका पण दुसरी बाजू मांडतो. मी जेव्हा बघतो तेव्हा या जागा रिकाम्याच असतात आणि बाकीचे लोक अर्धा तास फिरत असतात. पाच मिनिटांसाठी कुणी लावली तर एवढं काय? आणि सगळ्यात चांगल्या जागा अशा किती अडवून ठेवायच्या.

चक्रधर

भोचक, रागावत नाही, हेच सगळ्यांच्या मनात असतं, तू लिहिलंस एवढंच.

अमेरिकेतला हिशोब घे, तिथल्या अपंगांच्या कायद्यात शंभर गाड्यांच्या लॉटमध्ये अशा जागा चार. चार! उरलेल्या ९६ जागांवर तू जाऊ शकतोस, मी त्यातल्या एकाही जागेत उतरू शकत नाही. तू फिरून फिरून लांब का होईना लावशील, मला त्या चार भरल्या तर घरी जायचं असतं, आणि मी गेलो की ती जागा तुला परत रिकामी दिसणार कारण मी तिथे नाहीच. आणि पाच मिनिटं तुझी असतात रे, तुझ्यानंतर दुसऱ्याची पाच, मग तिसऱ्याची. मी आलो तेव्हा तुमच्यातलं कोणीतरी असतंच.

ओवी

चक्रधर, मी त्या बाईंच्या बाजूची. ती मी नव्हे, पण असू शकले असते. मला संधिवात आहे, आमवात म्हणतात तो, सकाळी मी चमचा धरू शकत नाही आणि दुपारी तुम्ही मला बघितलंत तर म्हणाल हिला काय धाड भरलीये. वय पण कमी त्यामुळे जास्तच. परमिट असून मी कितीदा लांब लावते, कारण उतरल्यावर लोक पायाकडे बघतात आणि मग मी मुद्दाम थोडं लंगडून चालते, हे लिहिताना सुद्धा लाज वाटते.

हृदय, फुप्फुसं, डायलिसिसवरची माणसं, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार), यातलं काहीही चालण्यावरून कळत नाही. म्हणून पायाकडे बघायचंच नाही, बघायचं ते फक्त कार्डाकडे. कोण खरं अपंग हे ठरवून परमिट देणारे आधीच बसलेत, ते काम आपण रस्त्यात परत करायचं नाही.

आणि बोलायचं कसं, तर मला एका काकांनी एकदा विचारलं होतं ते सांगते. "ताई, कार्ड लावायचं राहिलं का तुमचं?" बस्स. राहिलं असेल तर माणूस थँक्यू म्हणतो आणि लावतो. कार्डच नसेल तर त्याला बरोब्बर कळतं काय विचारलंय, आणि भांडायला मुद्दा सापडत नाही. खिडकीपासून जरा लांबून विचारायचं. आणि समोरचा चढ्या आवाजात बोलायला लागला की तिथेच सोडायचं, तुम्ही खुर्चीत आहात, तो गाडीत आहे, हे विसरू नका प्लीज.

त्या बाईंचं मनाला लावून घेऊ नका पण. सॉरी म्हणणारे फार थोडे भेटतात.

दूरदेशी

आजोबांच्या कार्डाबद्दल. परमिट माणसाचं असतं, गाडीचं नाही, हे घरच्या लोकांनाच माहीत नसतं. ब्रिटनमध्ये ब्लू बॅज आहे (१९७१ ला सुरू झालं तेव्हा नारिंगी होतं, २००० पासून निळं), तो ज्याच्या नावाचा आहे तो माणूस त्या प्रवासात नसेल तर दुसऱ्याने वापरणं हा गुन्हा धरतात. म्हणजे मुलाने आईच्या बॅजवर आईला आणायला सोडायला जाणं ठीक, स्वतःच्या कामाला जाणं नाही. आणि ओवी म्हणतेय त्यासाठी सांगतो, इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१९ पासून न दिसणाऱ्या अपंगत्वालाही बॅज मिळायला लागला, ऑटिझम वगैरे. त्यामुळे "दिसत तर नाही" हा मुद्दा तिथे नियमातच संपला.

अवांतर: ते निळं चिन्ह १९६८ मध्ये सुझान कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं, तेव्हा त्यात नुसती खुर्ची होती, डोकं नंतर बसवलं. काही ड्रायव्हरांच्या बाबतीत ते बसवायचं काम बाकी आहे.

जुना खांब

मी बरीच वर्षं पार्किंगचं कंत्राट सांभाळणाऱ्यांकडे काम केलंय, त्यामुळे गार्डच्या बाजूने दोन शब्द. गार्डला अधिकार काहीच नसतो. मोठ्या गाडीवाल्याला अडवलं तर तो आत फोन करतो आणि शिव्या गार्डलाच पडतात, त्यामुळे तो शिकतो की बघितलंच नाही म्हणणं सोपं. गार्डशी भांडू नका, त्याच्या वहीत नोंद करायला लावा, तारीख वेळ गाडी नंबर. मग जागेच्या मालकाला लेखी पत्र, तोंडी नाही, ईमेल केलीत तर उत्तम, आणि त्याच त्या नोंदी जोडा. खाजगी जागेत पोलीस किती लक्ष घालतील हे त्या त्या ठिकाणच्या नियमावर आहे पण मालकाला लेखी पत्र सगळीकडे टोचतं. रस्त्यावरची जागा असेल तर मात्र थेट वाहतूक पोलीस किंवा तिथली नगरपालिका, मध्ये कुणी नाही. भारतात असाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पत्रात लिहा, बस स्टॉप, रेल्वे स्टेशन, विमानतळ इथल्या पार्किंगचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे, आणि दाद लागली नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त असतात.

आता पट्ट्यांचं. जमिनीवर नुसतं रंगवून काही होत नाही, रंग उडतो आणि गाडी उभी राहिली की चिन्ह तिच्याखाली जातं, मग गाडीवाला मोकळा, "मला दिसलंच नाही". म्हणून उभा बोर्ड हवा. अमेरिकेत बोर्डाची खालची कडा जमिनीपासून ६० इंच वर हवी असा नियमच आहे, कारण गाडी उभी असतानाही तो दिसला पाहिजे. साधी गाडी असेल तर तिथे जागा ८ फूट आणि शेजारचा पट्टा ५ फूट असा हिशोब. बाईकवाल्यांसाठी पट्ट्यांवरच "गाडी लावू नये" असं अक्षरात लिहायला लावा, नुसत्या रेघांचा अर्थ लोकांना कळत नाही, तुमच्या त्या पोराला नाही कळला.

एक सांगतो, जागा अडवायला ते प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन (शंकू) ठेवायला लावू नका. सगळ्यांना आधी तेच सुचतं.

रानपाखरू

कोन का नको? मी तेच सुचवणार होते.

जुना खांब

कोन उचलणार कोण? चक्रधर गाडी घेऊन आला, जागेत कोन, आता तो काढायला उतरायचं कुठे, भर रस्त्यात? साखळी आणि कुलपवाला खांब पण तसाच. आम्ही एके ठिकाणी हौसेने लावले होते, महिनाभर एकही परमिटवाला आला नाही, आम्ही खूश की जागा कशा मोकळ्या राहतात. मग एका बाईंचं पत्र आलं.

भोचक

हे कोनाचं डोक्यातच आलं नसतं. माझं वरचं पाच मिनिटांचं मागे घेतो. आजोबांच्या कार्डाचं पण, आमच्याकडे आहे एक, मी वापरलंय.

चक्रधर

सगळ्यांचे आभार. भोचक, तुझे विशेष, हे चारचौघात लिहायला जड जातं.

अपडेट देतो. ओवी, तुझं वाक्य दोनदा वापरलं. पहिला माणूस एकदम गडबडला, हो हो म्हणत गाडी काढली, मला हात पण केला. दुसऱ्याने काच वर केली आणि फोनमध्ये बघत बसला, मी नंबर लिहून घेतला आणि निघालो, भांडलो नाही. म्हणजे दोनात एक, आधी दोनात शून्य होतं.

फिजिओच्या जागेचं पत्र लिहायला घेतलंय, पन्नास मिनिटांची नोंद गार्डच्या वहीत करवून घेतली, त्याने सही पण केली, बिचारा म्हणाला माझ्यावर येणार नाही ना. पत्रात त्याचं नाव घालत नाही.

जुना खांब, बोर्ड तिथे आहे पण भिंतीला आणि पार खाली, गाडी लागली की झाकलाच जातो, आता तुम्ही म्हटल्यावर लक्षात आलं. मापं घालून पत्र दिलं तर जास्त बरं ना? नक्की काय काय मोजू?

जुना खांब

बोर्डाची खालची कडा जमिनीपासून किती उंच, जागेची रुंदी, पट्ट्याची रुंदी, आणि तिथून दारापर्यंत वाटेत पायरी किंवा कड असेल तर तिची उंची. पट्ट्यावरून फुटपाथवर चढायला उतार आहे का ते पण बघा, उतार असेल आणि त्याच्या तोंडावरच बाईक लागत असेल तर तो फोटो सगळ्यात वर ठेवा.

चक्रधर

उतार आहे, आणि हो, बाईक बरोबर त्याच्या तोंडावर होती.

टेप आहे माझ्याकडे पण दुसरं टोक जमिनीवर धरायला कुणीतरी हवं. शनिवारी पुतण्या येतोय, त्याला घेऊन जातो. रविवारी आकडे इथे टाकतो, मग पत्र बघून द्या.