उघड पक्षपाती समालोचकाला सर्वोच्च सन्मान द्यावा का?

शिकागोकर :
शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाचे समालोचक केन ‘हॉक’ हॅरलसन २०१८ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाले. पुढे २०२० चा फोर्ड फ्रिक पुरस्कार त्यांना जाहीर झाला, पण महामारीमुळे तो हाती पडायला २०२१ उजाडले. बेसबॉलच्या समालोचकासाठी याहून मोठा मान नाही. खेळाडू म्हणूनही ते किरकोळ नव्हते. १९६८ मध्ये बॉस्टनकडून त्यांनी ३५ होम रन (चेंडू कुंपणापार टोलवणारे फटके) मारले होते. तरीही हा पुरस्कार मला खटकतो. आपल्या संघाला ते प्रक्षेपणात सरळ ‘गुड गाइज’ म्हणत आणि प्रतिस्पर्ध्याने होम रन मारला की मिठाची गुळणी धरून बसत. मे २०१२ मध्ये अंपायर मार्क वेग्नर यांनी व्हाइट सॉक्सचा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) होझे किंताना याला बाहेर काढले, तेव्हा हॅरलसन यांनी असा थयथयाट केला की खुद्द बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बड सीलिग यांना त्यांच्याशी बोलावे लागले. समालोचक आणि चाहता यांत काही अंतर असावे की नाही?

साउथ साइडचा :
स्थानिक वाहिनीवर व्हाइट सॉक्सचा सामना लावणारा माणूस व्हाइट सॉक्सचाच असतो. घरच्या कार्यात तटस्थ यजमान कोण शोधतो? शिवाय शिकागोचेच समालोचक हॅरी केरी यांना १९८९ मध्ये हाच पुरस्कार मिळाला, तेही काही निःपक्षपाती नव्हते. २३ जुलै २००९ चे चित्रण पुन्हा पाहा. व्हाइट सॉक्सचा पिचर मार्क बर्ली परफेक्ट गेमच्या (प्रतिस्पर्ध्याच्या एकाही फलंदाजाला तळावर पोहोचू न देता सामना संपवण्याच्या) उंबरठ्यावर, शेवटची, नववी इनिंग, आणि प्रतिस्पर्धी गेब कॅपलरने मारलेला चेंडू कुंपणापार जाणार इतक्यात, बदली म्हणून नुकताच मैदानात आलेला ड्वेन वाइझ भिंतीपाशी उडी मारून तो पकडतो. चेंडू हातमोज्यातून निसटतो आणि तो दुसऱ्या हाताने सावरतो. तेव्हाचा हॅरलसन यांचा आवाज ज्याने ऐकला, तो तटस्थतेची मागणी करणार नाही. आणि २००५ मध्ये त्यांचा संघ वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकला, तेव्हा प्रक्षेपण राष्ट्रीय वाहिनीकडे असल्यामुळे तो क्षण सांगण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही, याचीही आठवण असू द्यावी.

तटस्थ :
केरी आपल्याच खेळाडूंनाही झोडपत, हा फरक आपण गाळलात. माझ्यापुढे वेगळे उदाहरण आहे. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात हँक ॲरन यांनी विक्रमी ७१५ वा होम रन मारला, तो डॉजर्सच्या पिचरला, आणि डॉजर्सचे समालोचक होते विन स्कली. तेही गप्प बसले, पण प्रेक्षकांचा जल्लोष श्रोत्यांना ऐकू यावा म्हणून. आणि मग बोलले ते दक्षिणेत एका कृष्णवर्णीयाला मिळालेल्या मानवंदनेबद्दल. हॅरलसन यांचे मौन मात्र रुसव्याचे होते. (जाता जाता : १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये हॅरलसन माइक सोडून संघाचे जनरल मॅनेजर झाले आणि १९८६ मध्ये त्यांनी संघाचे प्रशिक्षक टोनी ला रुसा यांना काढून टाकले. ला रुसा पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले!)

साउथ साइडचा :
स्कलींच्या मापाने मोजायचे ठरवले, तर पुरस्कार दर वर्षी कोणालाच न देता तसाच ठेवावा लागेल. फ्रिक पुरस्काराने कोणी हॉल ऑफ फेमचा सदस्य होत नाही आणि चाहत्यांमधील लोकप्रियता हा त्याच्या निकषांपैकी एक आहेच. त्या निकषावर हॅरलसन यांना हरवणारा साउथ साइडला, म्हणजे व्हाइट सॉक्सच्या शिकागोतील बालेकिल्ल्यात, शोधूनही सापडणार नाही.

शिकागोकर :
लोकप्रियता मान्य आहे, आणि बर्लीच्या त्या सामन्याचे चित्रण मीही अनेकदा पाहिले आहे. पण कॅपलरचा तो चेंडू वाइझच्या हाती न लागता कुंपणापार गेला असता, तर स्वयंपाकघरातून नुसते कान देऊन सामना ऐकणाऱ्या माणसाला काय घडले ते कोणी सांगितले असते?