आल्फ्रेदो रोक्को: कॉर्पोरेटिझम म्हणजे कंपन्यांचं राज्य का?

जिज्ञासू: रोक्को मुळात व्यापारी कायद्याचा प्राध्यापक, मग राष्ट्रवादी पुढारी, १९२५ पासून मुसोलिनीचा न्यायमंत्री. त्याचा कॉर्पोरेटिझम म्हणजे उद्योगपतींचं राज्य, असं सर्रास म्हटलं जातं. कायद्यात तसं काही सापडतं का?

तळटीप: शब्दसाधर्म्याने होणारी गल्लत आहे ही. इथे 'कॉर्पोरेशन' म्हणजे कंपनी नव्हे. एका धंद्यातले मालक आणि कामगार सरकारी देखरेखीखाली एकत्र आणणारी संस्था. भाषणांच्या नादी न लागता ३ एप्रिल १९२६ चा ५६३ क्रमांकाचा कायदा वाचा. एका व्यवसायवर्गात, म्हणजे एका धंद्यातल्या कामगारांमागे, सरकारी मान्यता एकाच संघटनेला. त्यासाठी वर्गातले एक दशांश कामगार सभासद असले की भागलं, पण पदाधिकाऱ्यांची राष्ट्रनिष्ठा पक्की हवी! या मान्यताप्राप्त संघटनेने केलेला करार उरलेल्या नऊ दशांशांनाही बंधनकारक. वर्गणीसुद्धा सभासद नसलेल्यांकडूनही, वर्षाला जास्तीत जास्त एका दिवसाची मजुरी. खरी मेख इथे आहे.

कलम_अठरा: संप आणि टाळेबंदी दोन्ही गुन्हे. तीन किंवा अधिक कामगारांनी संगनमताने काम सोडलं तर १०० ते १,००० लिरा (इटलीचं तेव्हाचं चलन) दंड, म्होरक्यांना कैद. मालकाला दंड १०,००० ते १,००,००० लिरा. कागदावर समतोल, पण मालकाकडे कामावरून काढण्याचं हत्यार उरतंच, कामगाराकडे संपाखेरीज होतं काय? वाद कामगार न्यायालयात, म्हणजे अपील न्यायालयाचे तीन न्यायाधीश आणि दोन तज्ज्ञ.

जिज्ञासू: मग हे समाजवादातून आलं की फॅसिस्ट पक्षातून?

तळटीप: दोन्हींतून नाही. रोक्को 'इटालियन राष्ट्रवादी संघटना' या वेगळ्या राजकीय संघटनेचा माणूस. ती फॅसिस्ट पक्षात विलीन झाली १९२३ मध्ये. कामगार-मालकांच्या संघटनांना राज्याच्या चौकटीत जखडायचा विचार तो त्याआधीच, १९२० च्या पाडुआतल्या व्याख्यानात मांडून चुकला होता. आणि प्रत्यक्ष २२ कॉर्पोरेशनं उभी राहिली १९३४ मध्ये, तो मंत्रिपदावरून गेल्यावर दोन वर्षांनी.

कलम_अठरा: एक पुरवणी. १९३० ची 'रोक्को दंडसंहिता' त्याच्या नावाने ओळखली जाते, पण मसुद्यात मोठा हात त्याचा भाऊ आर्तुरोचा. ती १ जुलै १९३१ पासून लागू झाली आणि असंख्य दुरुस्त्यांसह इटलीत आजही आहे. संपाला गुन्हा ठरवणारं तिचं ५०२ वं कलम मात्र घटना न्यायालयाने १९६० मध्ये रद्द केलं.