लाफिंग आउल संपलं, मग दयाळ कसा टिकला?

सुदामानगरवाली (इंदूर): आमच्या मागच्या भिंतीच्या भोकात दयाळने घरटं केलंय, नर पहाटेपासून वायरवर शेपटी उभारून गात असतो. न्यूझीलंडचं लाफिंग आउलपण फटीतच अंडी घालायचं ना, मग ते का नामशेष झालं?

पाखरूप्रेमी: ताई, फट सारखी असली तरी शत्रू सारखे नव्हते. तिथे माणूस येण्याआधी वटवाघळं सोडली तर जमिनीवरचे सस्तन प्राणी नव्हतेच, त्यामुळे हे घुबड बिनधास्त जमिनीवर उतरून शिकार करायचं, आणि अंडी खडकाच्या कपारीत, तीही जमिनीवरच. मग १८८० च्या दशकात सशांना आवरायला स्टोट अन् फेरेट आणून सोडले, मुंगसासारखे सडपातळ, कुठल्याही कपारीत शिरणारे. शेवटचं खात्रीचं घुबड १९१४ मध्ये सापडलं, तेही मेलेलं. फार वाईट वाटतं हो. आपला दयाळ साप, मुंगूस, मांजर यांच्यातच वाढलेला.

राजवाडा_बर्डर: अंड्यांचाही फरक आहे. घुबडाची बहुतेक दोनच, दयाळची चार-पाच, आणि त्याला ढोली, भिंत, लाकडी खोकं काहीही चालतं. तरी पिल्लं उडेपर्यंत ते भोक बुजवू नका प्लीज, आणि मांजराकडे लक्ष ठेवा.

पाखरूप्रेमी: अजून एक, आपला रानपिंगळा (जंगलातलं छोटं घुबड) हाही १८८४ नंतर संपलाच असं धरून चालले होते, तो १९९७ ला शहाद्याजवळ दिसला. खंडव्याकडच्या सागवानी जंगलातही आहे, इंदूरहून जवळच.