जॉर्ज सहाव्याचा रुपया: साल बघा, मग चांदी मोजा

ब्रिटिश राजा जॉर्ज सहावा याच्या नावाचे, स्वातंत्र्यापूर्वीचे सगळे रुपये एकाच चांदीचे, असं काही जण म्हणतात, ते बरोबर नाही. १९३८-३९ चा रुपया ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे ११.६६ ग्रॅममध्ये साधारण १०.७ ग्रॅम चांदी. महायुद्धात चांदीची चणचण आली आणि १९४० पासून ती ५० टक्क्यांवर उतरली. उरलेलं ४० टक्के तांबं, निकेल आणि जस्त ५-५ टक्के. वजन मात्र तेच ठेवलं, म्हणून नुसता काटा इथे फसवतो. १९४७ चा तर निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो.

घरी तपासायचं तर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावरचा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन; चांदी कमी, तर तेवढ्याच वजनाचं नाणं जास्त जागा घेतं. आकडा १.१३ ग्रॅमच्या आसपास आला तर जुनी चांदी, १.२२ आला तर युद्धकाळातली. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि चांगलं नाणं उगाच कमी चांदीचं ठरतं; आधी बोटाने झटका.

१९३९ चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे नकला भरपूर. सालातला शेवटचा ९ भिंगाखाली बघाच. आणि चिंच-पितांबरीने घासू नका हो, संग्राहक तिथेच किंमत पाडतो!