बायकांना वेगळी टिप, पुरुषांना वेगळी टिप – डिस्क गोल्फमध्ये हे बरोबर आहे का?

खोखोपटू

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फ्रिजबीपेक्षा लहान, जड आणि कडेला निमुळती अशी डिस्क टी-वरून (सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून) फेकायची, जिथे पडेल तिथून परत फेकायची आणि कमीत कमी थ्रोमध्ये साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. आम्ही सात-आठ मराठी मंडळी बहुतेक शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये खेळतो.

आता मुद्दा. मी दोन वर्षं खेळतेय, माझा थ्रो साधारण 240 फूट जातो. गेल्या आठवड्यात दीर आले होते, त्यांनी आयुष्यात कधी डिस्क हातात धरलेली नाही. दोघांनाही डिस्क घ्यायच्या होत्या म्हणून एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने दोघांकडे एकेकदा बघितलं आणि त्यांच्या हातात 175 ग्रॅमचा स्पीड 12 चा ड्रायव्हर (लांब फेकायची, खूप जोर मागणारी डिस्क) दिला, माझ्या हातात गुलाबी 140 ग्रॅमची डिस्क, म्हणे लेडीजना हीच बरी पडते. किती लांब फेकता, किती दिवस खेळताय, कुठल्या कोर्सवर खेळता, काही म्हणजे काही विचारलं नाही. मीही तेव्हा गप्प बसले आणि पैसे दिले याचं मला अजून वाईट वाटतंय.

शनिवारी दुपारी समुद्राकडून वारा सुटला होता, तिथे तो सुटतोच. दिरांची डिस्क दर वेळी शंभर-सव्वाशे फुटांवर डावीकडे वळून झुडपात. माझी ती हलकी डिस्क समोरच्या वाऱ्यात उलटून उजवीकडे लांब झाडीत, पार त्या वाटेपलीकडे. बिचारे दीर सहाव्या होलनंतर म्हणाले, वहिनी, हा खेळ माझ्याच्याने होणार नाही. त्यांचा काय दोष? सल्ला माणूस बघून द्यायचा की बाई आहे का पुरुष आहे ते बघून?

दादरकर

ताई, तुमचा राग समजतो पण मी थोडी वेगळी बाजू मांडतो. मी न्यू जर्सीत पाच-सहा वर्षं नवीन लोकांना शिकवतोय, फुकट, रविवारी सकाळी. दहा-बारा जण येतात, प्रत्येकाला अर्धा तास देता येत नाही. अशा वेळी काहीतरी ठोकताळा लागतोच आणि सरासरी बघितली तर बायकांचा हाताचा वेग कमी असतो हे खरंच आहे. 2016 साली नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्सने 338 मीटर फेकली, त्याच वर्षी जेनिफर ॲलनने 173 मीटर. जवळजवळ निम्मा फरक आहे, तो काय दुकानदाराने तयार केला नाही.

आणि हलकी डिस्क दिली की नवीन बाईचा पहिल्याच दिवशी थ्रो सरळ जातो, ती पुढच्या रविवारी परत येते. जड डिस्क दिली आणि खांदा दुखला तर ती परत येत नाही, मी बघितलंय. यात अपमान करायचा हेतू नसतो हो.

साखळी_वाजली

दादरकर, विक्रमाचे आकडे बरोबर आहेत पण ते रविवार सकाळच्या मैदानाला लागू कसे होतात? ते दोघं आपापल्या टोकाला आहेत. मैदानावर 150 फूट फेकणारे पुरुष आणि 250 फूट फेकणाऱ्या बायका एकाच ग्रुपमध्ये असतात.

डिस्कला फक्त वेग आणि फिरकी कळते. बहुतेक डिस्कना चार आकडे दिलेले असतात – स्पीड (किती वेग लागतो), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (वेगात असताना किती उजवीकडे वळते), फेड (मंदावताना किती डावीकडे पडते). डिस्ट्रॉयर नावाची डिस्क 12, 5, -1, 3 आहे, म्हणजे ती जोरात सुटली तरच सरळ उडणार, जोर कमी पडला की हवेत राहतच नाही, लगेच डावीकडे खाली येते (उजव्या हाताच्या बॅकहँडला, म्हणजे हात छातीसमोरून ओढून केलेल्या थ्रोला). लेपर्ड नावाची डिस्क 6, 5, -2, 1 आहे, ती कमी वेगातही तिची पूर्ण रेघ उडते. धागाकर्तीच्या दिरांना नेमकी लेपर्डच द्यायला हवी होती. त्यांना स्पीड 12 मिळाली ती ते पुरुष आहेत म्हणून. म्हणजे या ठोकताळ्याने पुरुषांचंही नुकसानच होतं, हे कुणी बोलत नाही.

अजून एक. पीडीजीएची (डिस्क गोल्फच्या संघटनेची) कोर्स डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं बघा, टी-चे रंग तिथे रेटिंगवर (खेळाडूच्या कौशल्याच्या आकड्यावर) ठरवलेत. गोल्ड म्हणजे 1000 च्या आसपास, ब्लू 950, व्हाइट 900, रेड 850. बायकांची टी असा रंगच नाही त्यात. खेळाच्या संघटनेला हे जमलं तर दुकानदाराला एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

फिजिओ_मिनेसोटा

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतायत. हाताचा वेग बघून डिस्क द्या हे शंभर टक्के मान्य. पण "सगळ्यांना एकच सल्ला" इथपर्यंत गेलात तर मी सहमत नाही, कारण मग त्या "सगळ्यांना" मध्ये शरीर पुरुषाचंच धरलेलं असतं.

उदाहरण देते, जरा स्पष्ट लिहिते, कुणी संकोच मानू नका. बॅकहँड शिकवताना सर्रास सांगतात की डिस्क छातीला घासून सरळ रेषेत ओढा, उजव्या छातीपर्यंत आणा आणि मग सोडा. मी तीन वर्षं तसंच करायचा प्रयत्न केला. होतच नव्हतं, कारण मधे छाती येते! मग काय व्हायचं, मी नकळत डिस्क छातीला वळसा घालून आणायचे, कोपर आत मुडपायचं, ताकद तिथेच संपायची आणि रात्री खांद्याला बर्फ. शिकवणारे सगळे पुरुष, सगळे म्हणायचे तू हात गोल फिरवतेस, सरळ ओढ. का गोल फिरतोय ते एकाच्याही लक्षात आलं नाही आणि मलाही सांगायची लाज वाटली.

शेवटी एका बाईने दाखवलं. कंबरेतून थोडं जास्त पुढे वाक, म्हणजे हात शरीरापासून सुटा लोंबतो, आणि रेष छातीच्या खालून, बरगड्यांच्या शेवटाच्या उंचीवरून घे. पंधरा मिनिटांत कोपर पुढे यायला लागलं. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले, खोटं नाही सांगत, तीन वर्षं मी स्वतःलाच बावळट समजत होते.

आणि गुडघा. बास्केटबॉल, फुटबॉलसारख्या खेळात बायकांचा एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध) जास्त फाटतो हे माझ्या कामात जुनं ज्ञान आहे. डिस्क गोल्फमध्ये धावत येऊन एका पायावर सगळं वजन रोवून फिरायचं असतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी आधी उभ्याने थ्रो शिकवते, मग एक पाऊल, आणि रोवलेल्या पायाच्या टाचेवर फिरायला लावते, बूट जमिनीत अडकून गुडघा पिळवटला नाही पाहिजे.

रानवारा

फिजिओताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पण एक विचारू का? कंबरेतून वाक, रेष खाली घे हा सल्ला मलाही लागू पडतो. मी पुरुष आहे, बरीच वर्षं जिम केलंय, छाती रुंद आहे, माझंही कोपर असंच अडकायचं. आणि सडपातळ मुलीला कदाचित याची गरजच नसेल. टाचेवर फिरणं तर प्रत्येकानेच शिकायला हवं, माझ्या मित्राचा गुडघा ओल्या टीवर गेलाय. मग याला बायकांचा सल्ला का म्हणायचं? छाती मधे येत असेल तर असं करा, एवढंच म्हणू की.

फिजिओ_मिनेसोटा

म्हणा ना. पण ते म्हटलं जात नव्हतं हीच तर अडचण आहे. "बायकांसाठी" असं नाव दिलं तेव्हा कुठे कुणीतरी ते मोठ्याने बोललं. तुम्हाला तुमचा अडसर मोकळेपणाने कोचला सांगता येतो, सोळा वर्षांच्या मुलीला येत नाही.

दादरकर

मला एक सांगा, शरीर वेगळं नाही, सल्ला वेगळा नको, तर मग स्पर्धेत बायकांचा वेगळा गट कशाला? पेज पियर्स पाच वेळा जगज्जेती आहे – 2011, 13, 15, 17, 19 – पण महिला गटात.

साखळी_वाजली

एमपीओ (खुला व्यावसायिक गट) मधला एम म्हणजे मिक्स्ड, त्यात कुणीही उतरू शकतं. एफपीओ फक्त बायकांचा आहे आणि तो असायलाच हवा, कारण तिथे उच्च पातळीवर ताकदीचा फरक निकाल ठरवतो. स्पर्धेत न्याय हवा म्हणून गट केले. शिकवताना समोर एकच माणूस असतो, तिथे गट कसला? आणि बास्केटभोवतीच्या 10 मीटरच्या सर्कलच्या आतला पट (बास्केटमध्ये टाकायचा जवळचा थ्रो) घ्या, तिथे ताकद लागतच नाही, तिथे तरी बायकांना वेगळं काय सांगणार?

निळी_छत्री

अजून एक बाजू राहिली. मी एकटी प्रॅक्टिसला जाते, बास्केटपासून वीस फुटांवर उभी राहून पट मारत असते, आणि दर वेळी कुणीतरी अनोळखी माणूस थांबून सांगतो की तू हलका पटर (पटसाठीची डिस्क) घे. मी काही विचारलेलं नसतं! शेजारी माझा नवरा उभा असतो, तो माझ्यापेक्षा जास्त चुकतो, त्याला आजवर एकानेही काही सांगितलेलं नाही. सल्ला वेगळा हवा की नको ते नंतर, आधी तो मागितला का ते बघा. एका महिन्यात मी तीनदा प्रॅक्टिस अर्धवट सोडून घरी आलेय.

दादरकर

निळी छत्री, हे वाचून वाईट वाटलं. मीही असं केलंय, चांगल्या मनाने केलंय पण केलंय. यापुढे विचारल्याशिवाय बोलणार नाही.

तरी माझं मूळ मत अगदीच बदललं नाही. नवीन बाई आली तर मी हलकी डिस्क जवळ ठेवणारच. फक्त आता पुरुष आला तरी तीच ठेवीन आणि आधी दोघांचे तीन-तीन थ्रो बघीन, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. फिजिओताईंचं छातीचं म्हणणं मात्र मी स्वतः कसं सांगू ते कळत नाही. माझ्या ग्रुपमधल्या एका जुन्या खेळाडू वहिनींना विचारतो, त्या रविवारी येतील का.

निवडुंग

सगळं वाचलं, मी या खेळात अगदी नवीन, घाईत एक शंका. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा अकराचा. दोघांना सुट्टीत डिस्क घ्यायच्यात. कुठल्या घेऊ?

खोखोपटू

आधी कुणाची तरी साधी डिस्क उसनी घ्या, मैदानात न्या, दोघांना पाच-पाच फेकायला लावा, पावलांनी मोजा आणि इथे आकडे टाका. हातात धरल्यावर बोटं कडेखाली नीट पोचतात का तेही बघा, रुंद कडेचे ड्रायव्हर लहान हाताला पकडताच येत नाहीत.

निवडुंग

आत्ताच जाऊन आलो. मुलगी 46 पावलं, मुलगा 31. मुलाची बोटं पोचत नाहीत.

खोखोपटू

मग मुलाला एक पटर, 150 ग्रॅमच्या आतला. मुलीला पटर आणि 160 च्या आसपासची लेपर्ड. रंग त्यांचे त्यांना निवडू द्या.